ते आपल्याबद्दल बोलत नाहीत

प्रिय नकुल,

“मी तिथे असा राहीन ताई, की कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.” परभणी स्टेशनवर आपण देवगिरी एक्स्प्रेसची वाट बघत बसलो होतो, तेव्हा तू हे म्हणाला होतास. वीस वर्षं होऊन गेली. आईने दिलेला दशम्यांचा डबा तुझ्या मांडीवर होता आणि तू तो दोन्ही हातांनी धरला होतास. बाबा लगेच म्हणाले, “अरे, चोरी करायला चाललास का? छाती काढून राहायचं.” सगळे हसले, तूही हसलास. मला मात्र तुझं म्हणणं कळलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडद्याची दोरी ओढायचं काम तू मागून घ्यायचास. बक्षीस मिळालं तर ते घ्यायला मला स्टेजवर पाठवायचास. तू जर्मनीत जाऊन काय करणार याची काळजी घरात सगळ्यांना होती, मला तेवढी नव्हती. वाटलं, हा कुठेही राहील, कारण हा कुणाची जागा अडवणारच नाही.

गेल्या महिन्यात तू तुझ्या पोस्टरचा फोटो पाठवलास. मी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये होते, मागच्या सीटवर कोथिंबीर उन्हाने मान टाकत होती, आणि मी एसी लावून तुझा चेहरा मोठा करून बघत बसले. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला बांधलेला तू. टाय लावलेला. खाली जर्मनमध्ये एक ओळ, तिचा अर्थ तूच लिहून पाठवला होतास, ‘मी नियम पाळून आलो.’ खरं सांगू? आधी मनात आलं ते एवढंच की तू अगदी बाबांसारखा दिसायला लागलास. कपाळ तेच, ओठ घट्ट मिटायची सवय तीच. मग पक्षाचं चिन्ह दिसलं. मी तुला अंगठा पाठवला. बहिणीने भावाला अंगठा पाठवायचा, अशी आपली गत झाली आहे.

फोनवर आपलं बोलणं हल्ली पुढे जातच नाही. मी काही म्हणायला गेले की तू “ताई, प्लीज” म्हणतोस, मग मी तुझ्या बागेतल्या भोपळ्यांची चौकशी करते आणि तू आमच्याकडच्या उन्हाळ्याची. म्हणून हे पत्र. कागदावर तू मला मध्येच थांबवू शकणार नाहीस.

परभणीची खबर तुला कळलीच असेल, पण मला ती माझ्या तोंडाने सांगायची आहे. राजेशदादाने वसमत रोडच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लावला. ‘जर्मनीच्या नगरपरिषदेची उमेदवारी मिळाल्याबद्दल परभणीचे सुपुत्र यांचे हार्दिक अभिनंदन.’ तुझ्या फोटोपेक्षा शुभेच्छुकाचा, म्हणजे दादाचा स्वतःचा, फोटो मोठा. आणि तुझ्यामागे आयफेल टॉवर! मी दादाला फोन केला तर म्हणाला, “अगं आशू, जर्मनीचं काही ओळखीचं मिळेना त्या पोराला. परदेश वाटल्याशी कारण.” आई ऑटो करून बघायला गेली. तिची तक्रार एवढीच की गळ्यात हार का दाखवला नाही. धाकट्या काकूने विचारलं, “तिकडे आपल्या लोकांची कामं करेल ना रे तो?” फॅमिली ग्रुपवर दोन दिवस फुलांचा नुसता पाऊस पडत होता. त्या सगळ्या फुलांत एकाही माणसाने पक्ष कुठला, हे विचारलं नाही. शेवटी मीच दादाला विचारलं, की तुला ठाऊक आहे का हा पक्ष काय म्हणतो? दादा जरा दुखावला. म्हणाला, “पक्ष कुठलाही असो, माणूस आपला आहे ना?”

मी हसले तेव्हा. पण हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, कारण आपण सगळे याच एका वाक्यावर जगत आलो आहोत. परभणीत, तुझ्या गावात आणि इथे टेक्ससमध्येही.

तुझा राग मला कळत नाही असं समजू नकोस. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदा मत द्यायला तू सूट घालून गेला होतास. तुझी चिमुकली अनिका खांद्यावर होती आणि तुझ्या काटरीनने फोटो काढला होता. तू मत दिलंस ते त्या जुन्या, मोठ्या, सभ्य पक्षाला. मग गावातला प्रसूती विभाग बंद झाला. मग सगळं हॉस्पिटलच बंद झालं आणि काटरीन दुसऱ्या शहरात नर्स म्हणून जाऊ लागली, हिवाळ्यात अंधारात निघून अंधारात परत. गाडी तुमच्या स्टेशनवर थांबेनाशी झाली. दाताचा डॉक्टर गेला, बेकरी गेली. दर निवडणुकीत कुणीतरी येऊन गावात काय काय पुन्हा सुरू होणार याचा नकाशा दाखवायचं आणि तू प्रत्येक वेळी विश्वास ठेवून मत द्यायचास. हे सगळं तू मला सांगत आला आहेस आणि मी ऐकत आले आहे. यातलं काहीही खोटं नाही.

आणि ती सभा. राजधानीतून तो मोठा नेता आला होता, आणि तू आयुष्यात पहिल्यांदा भरलेल्या हॉलमध्ये उभा राहिलास. तू, पडद्यामागचा मुलगा. हॉस्पिटलबद्दल प्रश्न विचारलास, जर्मनमध्ये, घरी चार वेळा म्हणून बघितलेला. त्याने तुझ्याकडे बघितलं आणि हसून इंग्रजीत उत्तर दिलं. हे तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज सपाट झाला होता. शिवी दिली असती तर तुला एवढं लागलं नसतं. तेव्हा मागून तुझा शेजारी उवे उठला आणि ओरडला, “त्याने जर्मनमध्ये विचारलंय, जर्मनमध्ये उत्तर द्या!” आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. नकुल, मला वाटतं तू त्या पक्षात कुठल्याही जाहीरनाम्यामुळे गेला नाहीस. त्या टाळ्यांमुळे गेलास. एवढ्या वर्षांत त्या गावाने तुझ्यासाठी वाजवलेल्या त्या पहिल्या टाळ्या होत्या. तुझ्या जागी मी असते तर मलाही त्या विसरता आल्या नसत्या.

पण मग मी तुला विचारलं होतं, की हा उवेचा पक्ष बाहेरून आलेल्यांना परत पाठवायचं म्हणतो, त्यात तू कुठे बसतोस? तू म्हणालास, “ताई, ते माझ्याबद्दल बोलत नाहीत. ते त्या निर्वासितांच्या हॉस्टेलमधल्या लोकांबद्दल बोलतायत. मी टॅक्स भरतो. उवे दर दिवाळीला आमच्याकडे येतो, चकल्या बांधून नेतो.” मी भोपळ्यांवर आले, कारण तेव्हा आमच्याकडचा प्रकार अजून पुरता घडून गेला नव्हता. आता घडला आहे, तो सांगते.

आमच्या गणपतीचं तुला माहीत आहेच. शाळेचा जिम भाड्याने घेतो, बास्केटबॉलच्या जाळीखाली मखर, पार्किंग लॉटमध्ये ढोल. गेल्या वर्षी मंडळाचं अध्यक्षपद आमच्याच घरात, विनयकडे होतं आणि सिटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभा असलेला वेस्ली नावाचा एक गृहस्थ भेटायला येतो म्हणाला. उंच, हसरा, मोठ्या टोपीचा. मंडळात चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, की हा माणूस भाषणांत काय काय बोलतो ते ऐकलंय का? विनय म्हणाला, “अरे यार, तो इल्लिगलवाल्यांबद्दल बोलतो. आपण कशाला अंगावर घ्यायचं?” मग आपण जे करतो ते सगळं केलं. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा बांधताना तो गुडघ्यावर बसला, बायका कौतुकाने हसल्या. शेवटी विनयने त्याच्या हातात आरतीचं तबक दिलं. त्याने टाळ्यांच्या ठेक्यावर ते फिरवलं, उलटं फिरवलं पण फिरवलं. सरला मावशी, आमच्या मंडळातल्या सगळ्यात वयस्कर, माझ्या कानाशी म्हणाल्या, “देवासमोर तबक धरलंय, आता हा आपल्याला अंतर देणार नाही.” मी मान डोलावली. इथे जन्मलेल्या कुणाला ही चूक सुचलीसुद्धा नसती, नकुल. मत मागायला आलेल्या माणसाला आपण पाहुणा समजतो, आणि एकदा पाहुण्याला ओवाळलं की नातं जुळलं म्हणून मोकळे होतो.

तो निवडून आला. तो आरतीचा फोटो त्याने आमच्या वस्तीत घरोघर पाठवला होता. पलीकडच्या वस्तीत दुसरी पत्रकं गेली, बाहेरून आलेल्यांच्या विरोधातली, ती आम्हाला नंतर दिसली. या वसंतात मंडळाने स्वतःच्या हॉलसाठी घेतलेल्या जागेची परवानगी कौन्सिलपुढे आली. विनय इस्त्रीचा शर्ट घालून गेला, मी आणि आमची रुही सोबत. वेस्लीने माइक घेतला आणि अगदी शांत, गोड आवाजात सांगितलं की या शहराच्या काही भागांत गेलं तर आपण टेक्ससमध्ये आहोत असं वाटेनासं झालंय, लोक येतात, घरं घेतात, नोकऱ्या घेतात, आणि आता देवळंही बांधायची म्हणतात. मागे बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आमच्या गल्लीतली, हॅलोविनला माझ्याकडून लाडू नेणारी एक बाईसुद्धा होती. परवानगी नाकारली गेली. बाहेर लॉबीत वेस्लीने विनयला गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “विनय, माय फ्रेंड, आय डोन्ट मीन यू गाइज.” गाडीत विनयने ते आम्हाला पुन्हा सांगितलं. जरा बरं वाटल्यासारखं. “बघ, तो आपल्याबद्दल बोलत नव्हता. पॉलिटिक्समध्ये बोलावं लागतं तसं.” तेव्हा मागून रुही म्हणाली, “देन हू, बाबा?” सिग्नल हिरवा झाला तरी गाडी उभीच होती, मागच्याने हॉर्न दिला.

रुही अठरा वर्षांची आहे, तिच्या मताचं हे पहिलंच वर्ष. मधे एक मतदान झालं तेव्हा मी तिला फोन केला, तर म्हणाली, “आई, एकाला आपण नकोत. दुसऱ्याला आपलं नाव नीट घेता येत नाही, आणि तो ते शिकणारही नाही. व्हाय बॉदर?” ती गेली नाही. मी तिला रागावले नाही. तू सूट घालून उभा असलेला तो फोटो मात्र मला आठवला.

एवढं सगळं मी तुला शहाणं करायला लिहीत नाही. तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस. तुझ्याकडे याला उत्तरंही असतील, की टेक्सस वेगळं आणि जर्मनी वेगळं, वेस्ली वेगळा आणि उवे वेगळा. असेलही. उवे मनापासून ओरडला होता, हे मी मानते. आता मात्र मला अनिकाबद्दल लिहायचं आहे आणि एवढी पानं मी तेच टाळत आले आहे.

गेल्या रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी पोळ्या लाटत होते, फोन डब्याला टेकवून ठेवला. आधी तिने मला पोळी फुगवून दाखवायला लावली. मग म्हणाली, “आत्या, परभणीला जायला विमान कुठपर्यंत असतं?” मला वाटलं सुट्टीचा बेत करतेय. म्हटलं, नांदेडपर्यंत मिळालं तर मिळतं, नाहीतर हैदराबाद. ती हसली आणि म्हणाली, “ओके. त्यांनी तेवढं बघितलेलं नाही.” मग हळूहळू बाहेर आलं. राजेशदादाच्या फ्लेक्सचा फोटो तू पक्षाच्या ग्रुपवर टाकला होतास ना? सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले असं तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. तो फोटो त्यांच्या तरुण पोरांच्या ग्रुपवर गेला, आयफेल टॉवरसकट. तिथून तिच्या वर्गात आला. आणि एक दिवस तिच्या दप्तरात विमानाचं तिकीट निघालं, घरी छापलेलं. प्रवाशाचं नाव अनिका. जायचं ठिकाण परभणी. परतीच्या रकान्यावर काट. तसंच तिकीट हॉस्टेलमधल्या दोन सीरियन मुलींच्या दप्तरातही होतं, फक्त गावाचं नाव वेगळं. बसमध्ये मुलांनी तिच्याकडे बघून बाहेरच्यांना हाकलायचं गाणं म्हटलं. तिने सांगितलं की माझे पापा तुमच्या पोस्टरवर आहेत, तर त्यांना आणखीच हसू आलं. एकजण म्हणाला, “पोस्टर निवडणुकीपर्यंत असतं.” तो उवेचा मुलगा होता, नकुल.

ती आता बसने जात नाही. शेतातल्या रस्त्याने चालत जाते आणि तुम्हाला सांगते की फिटनेससाठी. तिकीट तिने फाडून टाकलं. काटरीनला सांगितलं नाही, कारण मम्मा थकून येते. तुला का नाही सांगितलं, हे मी विचारलं. तेव्हा तिच्या त्या अर्ध्या जर्मन मराठीत म्हणाली, “पापा खूप खूश आहेत, आत्या. दुकानात लोक थांबून त्यांच्याशी बोलतात. आधी कधीच नाही थांबायचे.” माझी पोळी तव्यावर करपली. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, मी पापाला सांगते. ती म्हणाली, “फोन करू नको. फोनवर ऐकलं की ते लगेच उवेकाकांकडे जातील आणि उवेकाका म्हणतील, मुलांची मस्करी आहे. लिही. लिहिलेलं ते पुन्हा वाचतात.” पंधरा वर्षांची मुलगी तुला किती ओळखते बघ.

म्हणून हे लिहिते आहे. नाव मागे घे, असं म्हणायला मी बसले नव्हते. ते तुझं तू ठरव. अनिकाने मला एक गोष्ट विचारली, आणि मी तिला हो म्हणून बसले आहे. तुमच्याकडे दहावीच्या सुमाराला मुलं वर्षभर परदेशी शाळेत जातात, तसं तिला माझ्याकडे यायचं आहे. मी तिला काही लपवलं नाही. वेस्लीचं सांगितलं, हॉलचं सांगितलं, रुहीचं सांगितलं. म्हटलं, इथेही हेच आहे गं राणी, फक्त ऊन जास्त. तर म्हणाली, “असू दे. तिथे खांबावर माझे पापा नसतील.” तिला यायचं तर तुझी आणि काटरीनची सही लागेल. काटरीन करेल असं मला वाटतं. तू करणार नाहीस. ऐन निवडणुकीत उमेदवाराची मुलगी देश सोडून गेली, तर त्या तिकीट छापणाऱ्या पोरांचंच खरं झालं, असं तू म्हणशील, आणि ते चूकही नसेल. हे घर आमचं आहे, आम्ही कुणाच्या भीतीने कुठे जाणार नाही, असंही म्हणशील. मी तुला मोठी बहीण म्हणून आजवर काही मागितलं नाही, आणि आता मागते आहे ते तू देणार नाहीस हे जाणून मागते आहे. सही कर, नकुल. एका वर्षापुरती तुझी मुलगी मला दे.

तुझीच,
आशूताई